चार तासांची ईए: ठाण्यातल्या सामाजिक संस्थेत नव्याने रुजू होताना

रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी आमच्या संचालक ताईंना एकाच दिवशी सकाळी अकराला बेलापूरच्या कोकण भवनात आणि दुपारी एकला शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात हजर केलं. म्हणजे कॅलेंडरवर. दोन निळ्या चौकोनांच्या मधे तासाभराची मोकळी जागा दिसत होती आणि मला ती पुरेशी वाटली. ताई शहापूरसाठीच्या आसनगाव स्टेशनवर उतरल्या तेव्हा पावणेतीन वाजले होते, साहेब दौऱ्यावर निघून गेले होते. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त विचारलं, "तू कधी बेलापूरहून आसनगावला गेली आहेस का गं?" गेले नव्हते.

ठाणे-नवी मुंबईत सामाजिक संस्थांमधून अर्धवेळ एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, म्हणजे सगळे ज्याला 'ईए' म्हणतात, त्या कामाच्या जागा निघत असतात. मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा कामाकडे वळणाऱ्या बायका, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी करणारी मुलं, बँकेतून निवृत्त झालेले काका अशा सगळ्यांना मी या कामात पाहिलंय. बहुतेकांना पहिले दोन महिने कळत नाही की आपण नेमकं करायचं काय. कॅलेंडर सांभाळायचं, मेल लिहायचे, मीटिंगचे मिनिट्स काढायचे, हे जाहिरातीत असतंच. माझ्या मते खरं काम एका ओळीत मावतं. संस्थेतल्या पैशाचा हिशेब ठेवायला अकाउंटंट असतो, त्याच्यावर ऑडिटर असतो. संस्थेने दिलेल्या शब्दांचा हिशेब ठेवायला कोणी नसतं. 'पुढच्या महिन्यात येतो', 'फोटो पाठवतो', 'अहवाल सोमवारी देतो', 'तुमच्या मुलीच्या दाखल्याचं बघतो', असं दिवसभरात दहा जणांना सांगितलं जातं. ती वही तुमची.

पहिलं पाऊल: हो म्हणण्याआधी

संस्था म्हणजे कायद्याच्या भाषेत काय आहे ते आधी विचारा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला ट्रस्ट आहे, १८६० च्या कायद्याखालची सोसायटी आहे, की कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी? यावर तुमचं रोजचं काम ठरतं. ट्रस्टमध्ये विश्वस्त असतात आणि ठराव असतात, शिवाय धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या फेऱ्या असतात. कलम ८ कंपनीत कंपनी सेक्रेटरीच्या तारखा सांभाळाव्या लागतात. नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवर संस्थेचं नाव टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि तो विचारायला लाजू नका. तुमचा पगार कुठल्या खात्यातून निघणार? हे पद अर्धवेळ का असतं याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं. देणगीदारांना शाळेची खोली बांधायला, मुलांना पोषण आहार द्यायला आवडतं. ऑफिसातल्या खुर्चीसाठी पैसे द्यायला आवडत नाही. परदेशी निधीच्या बाबतीत तर कायद्यानेच हात बांधलेत. २०२० मध्ये एफसीआरए कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. त्या २० टक्क्यांत भाडं, वीज, अकाउंटंट आणि तुम्ही, सगळे दाटीवाटीने बसता. तुमचं पद एखाद्या प्रकल्पाच्या निधीला बांधलेलं असेल तर तो प्रकल्प कधी संपतो ते आजच विचारून ठेवा. मार्चमध्ये धक्का बसण्यापेक्षा बरं.

पगार की मानधन, हेही कागदावर घ्या. कर्मचारी म्हणून घेतलं तर व्यवसाय कर कापला जाईल (महिलांना दरमहा २५ हजारांपर्यंत तो २०२३ पासून माफ आहे). सल्लागार म्हणून घेतलं तर टीडीएस कापून रक्कम हातात येईल, रजा आणि पीएफ नसेल, आणि वर्षाअखेरीस रिटर्न तुम्हालाच भरावं लागेल. दोन्हींत गैर काही नाही. गोंधळ 'बघू आपण' या दोन शब्दांनी होतो.

आणि तास. 'दिवसाला चार तास' म्हणजे दहा ते दोन, की केव्हाही मिळून चार? मी पहिल्या संस्थेत हे विचारलं नाही. तिथे माझे चार तास सकाळी नऊला सुरू व्हायचे आणि रात्री साडेनऊला संपायचे.

पहिला आठवडा: वाचा, हात लावू नका

नव्या ईएला पहिल्याच दिवशी फाइली लावायची फार हौस येते. थांबा. ट्रस्ट डीड, मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल, शेवटच्या चार-पाच विश्वस्त सभांची इतिवृत्तं आणि चालू असलेल्या निधीचे करार, एवढं वाचायला आठवडा जातोच. करार वाचताना एका कोऱ्या पानावर फक्त तारखा उतरवा: कुठल्या डोनरला कुठला अहवाल कधी द्यायचा, युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे निधी वापरल्याचा दाखला, कधी.

त्याच पानावर सरकारी तारखा लिहा. देणगीदारांची माहिती आयकर खात्याला देण्याचा फॉर्म १०बीडी ३१ मे पर्यंत, आणि देणगीदाराला त्याचं १०बीई प्रमाणपत्रही तेव्हाच. ऑडिट रिपोर्ट साधारण ३० सप्टेंबर, आयकर रिटर्न ३१ ऑक्टोबर. परदेशी निधी घेत असाल तर एफसी-४ हे वार्षिक विवरण ३१ डिसेंबर. विश्वस्त बदलले तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे आकडे सीएकडून एकदा तपासून घ्या. बोलण्यात मात्र '८०जीची पावती', म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी पावती, अजून बरीच वर्षं राहणार.

यातलं काहीही भरणं तुमचं काम नाही, ते सीए करतात. तुमचं काम तीन आठवडे आधी आठवण करणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओटीपी. हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. फॉर्म भरून तयार असतो, सीएच्या ऑफिसातला मुलगा फोनवर असतो, ओटीपी जातो ताईंच्या मोबाइलवर आणि ताई असतात मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर, जिथे रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. म्हणून शेवटच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात ताईंचा एक दिवस 'ऑफिसात, फोन चार्ज केलेला' असा अडवून ठेवा.

कॅलेंडर: अंतर घड्याळात मोजा

बेलापूर-शहापूरच्या धड्यानंतर मी प्रवासालाही चौकोन द्यायला लागले. मीटिंग हिरव्या रंगात, प्रवास करड्या रंगात. ठाण्याहून ऐरोली लोकलने जवळ आहे, पण महापे एमआयडीसीतल्या कंपनीत जायचं तर घणसोली किंवा कोपरखैरणेला उतरून पुढे रिक्षा, मग गेटवर सिक्युरिटीची नोंद आणि लॅपटॉपचा नंबर लिहून देणं. वीस मिनिटं तिथेच जातात. संध्याकाळी घोडबंदर रोडवरच्या कुणाला भेटायचं असेल तर ती भेट सकाळी घ्या किंवा व्हिडिओ कॉलवर न्या. रविवारी कार्यक्रम असेल तर शनिवारी मेगाब्लॉक बघितल्याशिवाय पाहुण्यांना वेळ कळवू नका. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कसारा मार्गावरच्या दिवसाला दुसरी मीटिंग जोडूच नका.

सरकारी ऑफिसच्या भेटीसाठी आदल्या दिवशी संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी, असा दोनदा फोन करायचा. 'साहेब व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) आहेत' आणि 'साहेब दौऱ्यावर आहेत' या दोन वाक्यांमधला फरक लवकरच कळेल: पहिल्यात थांबण्यात अर्थ असतो.

एक स्थानिक खाचखळगा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, डहाणू हे तालुके तिकडे गेले; शहापूर, मुरबाड, भिवंडी ठाण्यात राहिले. पण संस्थांच्या कॉम्प्युटरमधली पत्रांची जुनी टेम्प्लेट्स कुणी बदललेली नसतात. मोखाड्याच्या आश्रमशाळेचं पत्र ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने मी स्वतः टाइप करून कोर्टनाक्यावर नेऊन दिलंय. टपाल शाखेतल्या बाईंनी चष्म्यावरून बघून ते परत केलं. प्रकल्प कार्यालयांचंही तसंच: शहापूरचं वेगळं, जव्हारचं वेगळं, डहाणूचं वेगळं. गाव कोणत्या तालुक्यात, तालुका कोणत्या प्रकल्पात, याचा तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवा.

मिनिट्स

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण चांगली आणि वाईट ईए इथे वेगळी होते.

नवी माणसं सगळं बोलणं उतरवून घेतात. 'सरांनी सांगितले की गेल्या वर्षी पावसामुळे अडचण आली होती, त्यावर ताईंनी असे मत मांडले की...' अशी तीन पानं. सहा महिन्यांनी ती पानं उघडणारा माणूस एकच गोष्ट शोधत असतो: ठरलं काय? म्हणून प्रत्येक विषयाखाली काय ठरलं, कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढं आलं पाहिजे. 'शाळेच्या पाण्याच्या टाकीचा पाठपुरावा करावा' हे वाक्य लिहिलं की ते काम मेलं. 'टाकीचे तीन दरपत्रक शहापूरचे समन्वयक १५ तारखेपर्यंत आणतील. निवड ताई आणि खजिनदार करतील' असं लिहिलं की पंधरा तारखेला फोन कुणाला करायचा ते तुम्हाला कळतं. मीटिंगमध्ये कुणीच नाव घेतलं नाही तर तिथेच हात वर करून विचारा, "हे कोणाच्या नावावर लिहू?" पहिल्यांदा जीभ अडखळते. तिसऱ्या मीटिंगपासून लोक आपणहून तुमच्याकडे बघून नाव सांगतात.

विश्वस्त सभेचं इतिवृत्त मात्र वेगळ्या जातीचं. तिथे ठरावाचे शब्द मोजून लिहायचे. बँकेत सही करणारी माणसं बदलायची असतील तर 'सही करणाऱ्यांत बदल करण्याचे ठरले' या वाक्यावर बँक तुम्हाला परत पाठवते. कुणाची सही बंद, कुणाची सुरू, पूर्ण नावं, खाते क्रमांक, दोघांची संयुक्त की कुणा एकाची, सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं लागतं. ठरावाचा मसुदा सभेच्या आधीच तयार करून ताईंना दाखवा. सभेत तो वाचला जाईल, दोन शब्द बदलतील आणि तुमचं निम्मं काम झालेलं असेल. इतिवृत्त त्याच आठवड्यात फिरवा; महिन्याने फिरवलं की प्रत्येकाला वेगळी सभा आठवते.

पत्रं, मेल, आणि पोच

कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारी विभागाला मेल इंग्रजीत जातो, दोन परिच्छेदांत संपतो. पंचायत समितीला पत्र मराठीत जातं: प्रति, विषय, संदर्भ, महोदय. संदर्भात त्यांच्या आधीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख टाकली की पत्राला पाय फुटतात, नाहीतर ते आवक रजिस्टरात झोपून राहतं. पत्राच्या दोन प्रती न्यायच्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय टपाल खिडकी सोडायची नाही. पोचेचा फोटो जागच्या जागी काढून ड्राइव्हवर टाका, कारण फील्डवरून परत येणाऱ्या पिशवीत पाणी, केळी आणि पोच एकत्र असतात.

सीएसआरवाल्यांचे फोन फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक वाढतात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि वर्ष संपत आलं की उरलेल्या रकमेची घाई सुरू होते. 'उद्या सकाळपर्यंत प्रपोजल मिळेल का?' असं विचारतात. त्यासाठी एक फोल्डर जानेवारीतच तयार ठेवा: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, १२ए (संस्थेच्या करमाफीची नोंदणी), ८०जी, सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी) चा क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, विश्वस्तांची यादी. प्रपोजल लिहायला माणसं असतात. कागद सापडत नाहीत म्हणून संधी जाते.

एक चूक मात्र कधी करू नका. परदेशातून कुणाचा मेल आला, 'मला देणगी द्यायची आहे, अकाउंट नंबर पाठवा', आणि तुम्ही आनंदाने संस्थेच्या ठाण्यातल्या नेहमीच्या खात्याचा नंबर पाठवला, तर संस्था अडचणीत येते. परदेशी निधी फक्त एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असेल तरच घेता येतो आणि तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. इथे प्रश्न देशाचा नसून नागरिकत्वाचा आहे. न्यू जर्सीत राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला कुणाचा मामेभाऊ स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असेल तर तो परदेशी निधी धरला जात नाही. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर धरला जातो. असा मेल आला की उत्तर द्यायच्या आधी अकाउंटंटला दाखवा, प्रत्येक वेळी. रोख देणगी घेऊन कुणी दारात आलं तर दोन हजारांच्या वर रोखीला ८०जीची सवलत मिळत नाही, हे पावती फाडण्याआधी सांगा. नंतर सांगितलं तर भांडण होतं.

कुणाची माहिती कुणाच्या फोनमध्ये

ताईंचे पासवर्ड लक्षात ठेवू नका. मेलला डेलिगेट म्हणून, म्हणजे पासवर्डशिवाय स्वतःच्या खात्यातून बघण्याची, परवानगी घ्या, कॅलेंडर शेअर करून घ्या, बँकेचं काहीही स्वतःकडे ठेवू नका. देणगीदारांचे पॅन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतील तर ते थांबवणं तुमच्यापासून सुरू होऊ शकतं. मुलांचे फोटो तर आणखी जपून. आश्रमशाळेतल्या मुलीचं नाव, गाव आणि चेहरा एकाच ओळीत डोनरच्या अहवालात जाऊ देऊ नका, पालकांची लेखी संमती फाइलीत असली तरी. डोनर कधीकधी आग्रह धरतात, 'स्टोरी' मागतात. मागणी ताईंकडे न्या आणि आपलं मत सांगा.

फील्डची माणसं

पहिल्या महिन्यात एकदा कसारा लोकल पकडून फील्डवर जाऊन या, रजा टाकावी लागली तरी. ऑफिसातली ईए म्हणजे ताईंच्या दारावरची कडी, असं तिकडच्या कार्यकर्त्यांना वाटत असतं. एकदा त्यांच्याबरोबर पाड्यावर चालून, भाकरी खाऊन आलात की त्यांचा हिशेब वेळेवर का येत नाही ते कळतं: दिवसा रेंज नाही, संध्याकाळी वीज नाही. मी तेव्हापासून त्यांची बिलं फोटोऐवजी दर पंधरवड्याला ऑफिसात येणाऱ्या दादांच्या हाती मागवते. हळू वाटतं, पण येतात.

दोन वाजता

अर्धवेळ कामाची खरी कसोटी दोन वाजता असते. सामाजिक संस्थेत एक वाक्य फार गोड आवाजात बोललं जातं: "आपलंच काम आहे ना." आहेच. पण त्या वाक्याने अर्धवेळ माणसाचा पूर्णवेळ होतो आणि मानधन तेवढंच राहतं. यावर भाषण द्यायची गरज नसते. निघताना ताईंना एक मेसेज टाकायची सवय लावा. माझा साधारण असा असतो:

"झालं: मुरबाडच्या बीडीओंची (गटविकास अधिकारी) वेळ मिळाली, गुरुवार ११. अडलं: सीएंना जुलैचं बँक स्टेटमेंट हवंय, खजिनदारांचा फोन लागत नाही. तुमचं उत्तर हवं: ऐरोलीच्या कंपनीची व्हिजिट १८ ला घ्यायची की २५ ला? उद्या दहाला बघते."

शेवटच्या वाक्यातली तीन अक्षरं, 'दहाला', महत्त्वाची. त्यानंतर फोन कशासाठी यावा हे एकदा ठरवून घ्या: अपघात, सरकारी तपासणी, रद्द झालेला प्रवास. सप्टेंबर आणि मार्चमध्ये तास वाढणारच. ते लिहून ठेवा आणि मे महिन्यात सुट्टी म्हणून परत घ्या. संस्थेत दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असायला हवी, आणि अर्धवेळ माणूसही त्या कायद्यात येतो. समितीत कोण आहे ते नोटीस बोर्डवर नसेल तर विचारा.

महिनाअखेरची बैठक

महिन्यातून एकदा, अर्धा तास, ताई आणि तुम्ही, दार लावून. समोर फक्त शब्दांची वही. झालेले शब्द खोडायचे, राहिलेल्यांना नवी तारीख द्यायची, आणि मग सगळ्यात अवघड प्रश्न विचारायचा: "ताई, यातले कुठले आपल्याकडून होणारच नाहीत?" पहिल्या वेळी आमच्या यादीत असे नऊ निघाले. त्यातला एक, मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेला दोन वर्षांपूर्वी सांगितलेली कॉम्प्युटरची खोली. मुख्याध्यापक दर जूनमध्ये फोन करायचे, आम्ही दर जूनमध्ये 'बघतो' म्हणायचो.

त्या दिवशी मी पत्राचा मसुदा केला. "आपल्या शाळेस संगणक कक्ष देण्याबाबत आम्ही दिलेला शब्द यंदा व पुढील वर्षी पूर्ण करणे आम्हास शक्य नाही. आपल्याला दोन वर्षे वाट पाहावी लागली याबद्दल दिलगीर आहोत. आपण अन्य संस्थेकडे अर्ज करत असल्यास आमच्याकडील सर्वेक्षण व खोलीची मोजमापे सोबत जोडत आहोत." ताईंनी तीनदा वाचलं, 'दिलगीर' च्या आधी 'मनापासून' घातलं आणि सही केली. आठवड्याने पोच आली, खाली मुख्याध्यापकांच्या अक्षरात एक ओळ होती: मोजमापे मिळाली, एका बँकेकडे अर्ज करत आहोत.